शिरोरेषेच्या मागचा उजेड

मागून उजेड पडणारी पाटी घरीच करायची असं ठरलं आणि पहिला वाद झाला तो तिच्यावर काय लिहायचं यावरून. गच्चीवरची खोली, आत कॅरम, पत्ते, डबे भरभरून बोर्ड गेम आणि स्वतःकडे नवा आल्यावर भाच्याने आमच्या गळ्यात मारलेला जुना गेमिंग कन्सोल. भाच्याचं म्हणणं, पाटी इंग्रजीत हवी, 'गेम झोन' किंवा तसलं काहीतरी. मुलीला 'अड्डा' हवं होतं, पण त्या नावाच्या चहाच्या टपऱ्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. शेवटी ज्या वाक्यामुळे आमच्या घरातली जेवणाची वेळ कायम टळते तेच घेतलं: 'अजून एक डाव'. बायको म्हणाली, "हेच लिहा. म्हणजे मी खालून हाका मारल्या की उत्तर द्यायला तोंड उघडायचेही कष्ट नकोत."

तयार 'निऑन' विकत घ्यायची सोय होतीच. कॅफेपासून सलूनपर्यंत हल्ली गुलाबी-निळ्या अक्षरांत जे लटकत असतं, त्यात निऑन वायू औषधालाही नसतो. सिलिकॉनच्या लवचिक नळीत एलईडीची पट्टी असते, इतकंच. खरा निऑन म्हणजे काचेची नळी तापवून वाकवायची, आतली हवा काढून वायू भरायचा आणि दोन टोकांना काही हजार व्होल्ट द्यायचे. जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात तो लोकांपुढे मांडला. ते घरी करायचं काम नव्हे. सिलिकॉनची नळी मला आवडत नाही याचं कारण मात्र देवनागरी. एकाच जाडीच्या गोल नळीने आपली अक्षरं वळवली की ताटात शेवया सांडल्यासारखी दिसतात. मला जाड, ठाशीव, काळी अक्षरं हवी होती, आणि उजेड त्यांच्या पाठीमागून भिंतीवर सांडलेला.

अशा पाट्या करायच्या रीती मुख्यतः दोन. पहिली पेटीची: समोरच्या फळीत अक्षरांच्या आकाराची भोकं कापायची, मागे दुधी अ‍ॅक्रिलिक लावायचं आणि पेटीत दिवे. दुसरी सुट्या अक्षरांची: अक्षरं भरीव कापायची, भिंतीपासून थोडी पुढे उभी करायची आणि दिवे त्यांच्या पाठीला चिकटवायचे, तोंड भिंतीकडे करून. मग अक्षर काळं राहतं आणि त्याच्याभोवती प्रभा उमटते.

व्हिडिओंमध्ये बहुतेक लोक पेटीच करतात, कारण ती सोपी. पण त्यांची अक्षरं रोमन. देवनागरीत फळी कापायला घेतली की शिरोरेषा म्हणजे एक लांबलचक फट होते. तिच्याखाली, दोन अक्षरांच्या मधला फळीचा भाग नुसता खालून धरलेला राहतो, वरून सुटा. हात लागला की हलणार, पावसाळ्यात फुगला की पुढे येणार. शिवाय ए, क आणि व यांची पोटं कापताक्षणी खाली पडतात. ती गोळा करून मागच्या अ‍ॅक्रिलिकवर नेमक्या जागी चिकटवत बसायचं. रोमनमधल्या ओ, बी, डी यांचीही पोटं पडतातच, पण तिथे प्रत्येक अक्षर वेगळं असल्यामुळे भोवतीची फळी शाबूत राहते.

तीच शिरोरेषा दुसऱ्या रीतीत मात्र कामाला येते. रोमनमध्ये दहा अक्षरं म्हणजे दहा सुटे तुकडे. कागदावर आखणी करायची, ती भिंतीला लावायची, प्रत्येक अक्षराची भोकं पाडायची, आणि एवढं करून एखादं अक्षर किंचित तिरकं बसतंच. आपला अख्खा शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो. 'डाव' म्हणजे एकच तुकडा. एका टोकाला पाणसळ लावली की सगळा शब्द सरळ. ही पाटी मराठीत करणं इंग्रजीपेक्षा सोपं आहे, हे भाच्याला सांगताना मला झालेला आनंद लपवायचा मी अजिबात प्रयत्न केला नाही.

टाइप, म्हणजे फाँट, निवडताना पहिली नजर गेली 'मोदक'वर. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला हा मुक्त टाइप इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटातली जागा केसाएवढ्या रेघेवर येते. कागदावर झकास, पण ५ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ती केसाएवढी रेघ कापून उजेडाला काहीच मिळणार नाही. त्यांचाच 'मुक्ता' सुटसुटीत, पण पाठीमागे दिव्यांची पट्टी लपवायची तर जरा बारीक. 'बलू' बरोबर मधला: गोल टोकं, भरपूर जाडी, आणि क-वची पोटं चांगली उघडी. अक्षराची उंची साधारण १८ सेंटिमीटर धरली की काना ३ सेंटिमीटरच्या आसपास रुंद होतो, आणि ६ मिलिमीटरची पट्टी त्याच्या मधोमध ठेवली तर बाजूने डोकावत नाही.

तिन्ही शब्दांवरून सलग रेघ ओढली असती तर अख्खी पाटी एका तुकड्यात निघाली असती. मोह झाला. पण मग 'अजूनएकडाव' वाचावं लागलं असतं, आणि पुण्यात राहून शुद्धलेखनाशी इतकी मस्ती परवडत नाही. तीन शब्द, तीन तुकडे. वर 'अजून एक', खाली 'डाव', तोही जरा उजवीकडे सरकवलेला, कारण 'जू'चा दीर्घ उकार खाली लोंबतो आणि त्याला डावीकडे मोकळी जागा लागते.

खरी मेख पुढे आहे, आणि कोणाला मराठी पाटी कापून घ्यायची असेल तर एवढं तरी वाचावं. फाँटमधलं प्रत्येक अक्षर स्वतःपुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. ड आणि काना शेजारी आले की त्यांचे तुकडे एकमेकांवर जरासे चढतात आणि आपल्याला रेघ सलग दिसते. अक्षरं कापणाऱ्या लेझर मशीनला ती सलग दिसत नाही. त्याला प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा दिसते आणि तो इमानदारीत दोन अक्षरांच्या सांध्यावर आडवा कापत जातो. अखंड शब्दाऐवजी हातात सुटी अक्षरं येतात. म्हणून इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी अक्षरांचं 'पाथ'मध्ये, म्हणजे नुसत्या रेषांमध्ये रूपांतर, मग सगळ्यांचं 'युनियन', म्हणजे एकत्र जोडणी, आणि मग दृश्य बदलून नुसत्या रेषा पाहायच्या. भरीव रंगात सगळं छानच दिसतं; रेषांच्या दृश्यातच सांधे उघडे पडतात. उकार 'ज'च्या काडीला खरोखर चिकटलाय की नुसता टेकलाय, तेही तिथेच मोठं करून पाहावं. अनुस्वार असता तर तो वेगळा तुकडा झाला असता. आमच्या वाक्यात तो नाही, हे नशीब.

पेठेतल्या ज्या नेमप्लेटवाल्याकडे गेलो त्याने फाइल उघडण्याआधी विचारलं, "सर, श्रीलिपीत आहे का युनिकोड?" श्रीलिपी म्हणजे युनिकोडपेक्षा वेगळ्या रचनेचे जुने फाँट; त्याच्या प्रश्नात अर्ध्या महाराष्ट्राच्या छापखान्यांचा इतिहास आहे. जुन्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं.

"दादा, फाँट राहिलाच नाही. नुसत्या रेषा आहेत."

त्याने शब्द मोठा केला, प्रत्येक सांध्यावरून कर्सर फिरवला. "बाहेरून तीन. बरोबर आहे. आतली पोटं आधी कापतो, बाहेरची रेघ शेवटी. नाहीतर तुकडा हलतो." मी सनबोर्डचं विचारलं, स्वस्त पडतो म्हणून. मान जोरात हलली. "सनबोर्ड पीव्हीसीचा. लेझरवर नाही टाकत मी. धूर विषारी, आणि मशीन गंजतं ते वेगळंच. तो राउटरवर, फिरत्या पात्याने." एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, चाललं असतं, पण त्याच्या कडा जळून काळ्या होतात आणि गच्चीवरच्या खोलीत जुलै-ऑगस्टची ओल त्याला मानवत नाही. काळं अ‍ॅक्रिलिक घेतलं, ५ मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंना कागद चिकटलेलं.

लेझर अ‍ॅक्रिलिक कापतो ते बघण्यासारखं असतं. करवतीसारखा भुसा नाही, आवाज नुसता हवेच्या फुसफुशीचा. एक बारीक ठिणगी रेघेवरून सावकाश चालते आणि तिच्यामागे कड काचेसारखी चकचकीत होऊन निघते. वास मात्र डोक्यात जातो. तुकडे हातात देताना त्याने एक गोष्ट बजावली: "कडांना स्पिरिट लावू नका. बारीक बारीक तडे जातात." हे खरं आहे. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण राहतो आणि अल्कोहोल लागलं की तिथे केसांसारख्या चिरा उमटतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बास.

दिव्यांसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्ली. या गल्लीत 'काय हवंय' असं कोणी विचारत नाही, 'किती हवंय' विचारतात, त्यामुळे हिशोब घरूनच करून गेलेलं बरं. नेहमीची एलईडी पट्टी आडवी वळत नाही. ती वर-खाली वाकते, पण 'ज'च्या पोटातून डावी-उजवी फिरवायला गेलं की मुरगळते. त्यासाठी नागमोडी पट्टी मिळते, बारीक, प्रत्येक दिव्याच्या मध्ये वळसा ठेवलेली. रिळावर मीटरला ६ वॉट लिहिलं होतं. मला सगळी मिळून सुमारे ४ मीटर लागणार, म्हणजे २४ वॉट, १२ व्होल्टवर २ अँपिअर. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा, ५ अँपिअरचा घेतला. स्वस्त एसएमपीएस पूर्ण क्षमतेवर चालवायचा नसतो. तो तापतो आणि कण्हायला लागतो. रंग वॉर्म, म्हणजे ३००० केल्विनच्या आसपासचा. थंड पांढऱ्यात अक्षरं दवाखान्याच्या पाटीसारखी दिसतात, त्यावर घरात एकमत होतं, आणि आमच्या घरात एकमत ही बातमी आहे.

अक्षरं भिंतीपासून किती पुढे ठेवायची हे कागदावर ठरत नाही. अंतर कमी ठेवलं तर कडेला झगझगीत बारीक किनार येते आणि तिच्यात प्रत्येक दिवा वेगळा मोजता येतो. जास्त ठेवलं तर उजेड पसरतो, मऊ होतो, आणि फार झालं तर अक्षराचा आकारच विरघळतो. त्यासाठी कॅरमच्या सोंगट्या कामाला आल्या. सोंगटीची जाडी ७ ते ९ मिलिमीटर असते. 'डाव'च्या मागे तात्पुरती पट्टी चिकटवली, तो सोंगट्यांच्या ढिगाऱ्यांवर पालथा नाही तर उताणा ठेवला, खाली पांढरा ड्रॉइंग पेपर आणि खोलीत अंधार. एक सोंगटी: ठिपके. दोन: अजून ठिपके, पण हातात हात घातलेले. तीन, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर: सलग, उबदार किनार. मुलीने चौथी लावून पाहिली, 'व'च्या पोटातला काळोख नाहीसा झाला आणि ते डबक्यासारखं दिसायला लागलं. तीनवर शिक्कामोर्तब.

भिंतीचा प्रश्न कोणी आधी सांगत नाही. आमच्या खोलीला निम्म्या उंचीपर्यंत ऑइल पेंट. चकचकीत पृष्ठभागावर उजेड पसरत नाही, प्रत्येक एलईडीचं प्रतिबिंब पडतं आणि अक्षरामागे मुंग्यांची रांग दिसते. मग २५ काय आणि ४० काय, अंतर कितीही ठेवा. म्हणून मागे वेगळी प्लायची फळी घेतली, टिंबर मार्केटमधून कापून, आणि तिला गेरूच्या रंगाचा डिस्टेंपर दिला. डिस्टेंपर मुळात चमकत नाही. गेरूवर पिवळसर उजेड पडला की गावाकडच्या ओसरीवर कंदील ठेवल्याचा भास होतो. पांढऱ्या फळीवर तोच उजेड नुसता दिवा वाटतो. फळीचा दुसरा फायदा असा की सगळी खटपट टेबलावर बसून करता आली, शिडीवर चढून नाही.

डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम मात्र वेळखाऊ. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येकाला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, उरलेलं शेजारचा बारीक रेझिस्टर खातो. त्यामुळे पट्टी कात्रीची खूण असेल तिथेच कापायची. रोमन 'सी' असता तर एकच तुकडा वळवून भागलं असतं. आपल्याकडे शिरोरेषेवरून एक पट्टी, तिच्यातून खाली कान्याची एक फांदी, कान्यातून 'व'च्या पोटाला वळसा. प्रत्येक फांदीला अधिकला अधिक आणि उण्याला उणे. तांब्याचा ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, आधी ठिपक्यावर आणि तारेच्या टोकावर वेगवेगळं कथील चढवायचं, मग दोन्ही टेकवून क्षणभर गरम करायचं. रेंगाळलात तर ठिपका पट्टीवरून उचकटतो. भाच्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. कन्सोलच्या बटणांवर घालवलेल्या सुट्ट्यांचा एवढा तरी उपयोग, असं मी म्हणालो आणि बहिणीला ते फोनवरून ऐकू गेलं.

इतक्या जवळून एलईडी पाहिला की कळतं, न पेटलेला पांढरा दिवा पिवळा असतो. आतला चिप निळा उजेड देतो, वरचा पिवळा फॉस्फर त्यातला काही गिळून पिवळा ओकतो आणि मिळून पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वॉर्म पट्टीवरचा फॉस्फर जास्त गडद, जवळजवळ हळदीचा.

तिन्ही शब्दांना एसएमपीएसपासून वेगळ्या तारा दिल्या. एकाच पट्टीला शेपूट जोडत गेलं की टोकाकडे व्होल्ट कमी पडतात आणि 'अजून' ठसठशीत, 'डाव' मरगळलेला असं होतं.

अक्षरं उभी करायला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची कांडी घेतली, २५-२५ मिलिमीटरचे तुकडे करून. पारदर्शक अशासाठी की तिची सावली भिंतीवर पडू नये. नेमप्लेटला स्टीलचे स्टड वापरतात, पण त्यांची टोपी समोरून दिसते आणि ड-च्या अंगावर चकाकतं बटण मला नको होतं. कांडी पाठीमागे उभी धरून तिच्या बुडाशी क्लोरोफॉर्मचा थेंब सोडला की तो आपोआप फटीत ओढला जातो आणि अ‍ॅक्रिलिक अ‍ॅक्रिलिकमध्ये विरघळून जोडलं जातं. पाठीच्या सपाटीवर हे चालतं, कापलेल्या कडेपर्यंत थेंब ओघळू द्यायचा नाही. बरेच दुकानदार हेच वापरतात, पण ते उघड्या गच्चीवर, वाऱ्याच्या बाजूला बसून करायचं; बंद खोलीत नाही, आणि पोरांना जवळ येऊ देऊन तर नाहीच. कांड्या कुठे लावायच्या ते अक्षरच सांगतं. शिरोरेषेच्या दोन टोकांना तर हव्यातच, पण ड नुसत्या एका मानेवर लोंबतो, त्याच्या पोटाखाली एक लागते. 'जू'च्या उकाराचं टोकही अधांतरी, तिथे एक. कांडीच्या दुसऱ्या टोकाला ड्रिलने बारीक भोक, अगदी सावकाश, कारण वेग वाढला की अ‍ॅक्रिलिक वितळून ड्रिलला लपेटतं. मग प्लायच्या मागून स्क्रू. समोरून काही दिसत नाही.

२३० व्होल्टची बाजू वायरमनवर सोपवली. एसएमपीएस फळीमागे कोंबायचा नव्हता, त्याला हवा लागते. तो कपाटाच्या माथ्यावर जाळीच्या डब्यात, अर्थिंगसकट. वायरमनने काम करताना पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, "क्लब आहे का काय? रमी चालते?" हे उत्तर तयार ठेवायला हवं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

लावल्यावर भाच्याने लगेच व्हिडिओ काढला आणि त्यात पाटीवर काळे पट्टे सरकताना दिसले. तो दोष पट्टीचा नाही. पाटीला लावलेला डिमर उजेड कमी करतो म्हणजे दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोपुरता डिमर पूर्ण वर नेला की पट्टे जातात.

खरी तक्रार आली शेजारच्या काकांकडून. ते कॅरमला पाटीसमोर बसतात आणि घोटीव पृष्ठभागावर त्यांना उलटा 'अजून एक डाव' दिसतो, नेमका समोरच्या खिशाच्या अलीकडे. राणी घ्यायची वेळ आली की स्ट्रायकर हवेत धरून थांबतात. "अरे, तो तुझा उजेड आधी मालव. पांढरी कोणती नि प्रतिबिंब कोणतं, काही कळत नाहीये." कॅरमला बोर्डाच्या वर टांगलेला टोपीचा दिवा असतो तो याचसाठी, उजेड सरळ खाली आणि दुसरीकडून काही नाही. वायरमनला परत बोलावून पाटीचं बटण कॅरमच्या टेबलाच्या पायाशी आणून घेतलं आहे. काका हरायला लागले की ते बटण हमखास दाबलं जातं.